मे महिन्यातलं तळं

(स्नेहमेळाव्यातील मनोगताचे शब्दांकन)



मघाशी माझी ओळख ‘पाणथळ शास्त्रज्ञ’ अशी करून दिली, तेव्हा मागच्या बाकावरून ‘म्हणजे काय गं?’ असा आवाज आला. आवाज ओळखला मी! माझ्या सासूबाईही इतकी वर्षं हेच विचारतायत.

आठवीत आपली सहल पैठणला गेली होती. तुम्हा सगळ्यांना धरणाचे सत्तावीस दरवाजे आठवतात, मला मागचा चिखल आठवतो. नाथसागर उथळ आहे. पाणी ओसरलं की काठाची गाळपेर जमीन उघडी पडते, तिथे माणसं हरभरा पेरतात आणि पट्टकादंब तो खायला उतरतात. भूगोलाच्या बाई म्हणाल्या होत्या, ‘ही जमीनही आहे आणि पाणीही.’ पुढे एम.एस्सी. करून मी त्याच वाक्यावर पोट भरलं.

कोणताही मोठा प्रकल्प उभारायचा तर 2006च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय आघाताचा अहवाल लागतो. तो आमच्यासारखे सल्लागार लिहितात आणि त्याचे पैसे प्रकल्पवालाच देतो. यात अवघड काय आहे ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको. पेपर तपासणाऱ्याचा पगार विद्यार्थ्याने द्यावा, तसं आहे ते.

माझी चूक सांगते. 2008 साली मी एका खासगी संस्थेत नवीन होते. मराठवाड्यातल्याच एका जागेची पाहणी मे महिन्यात केली. अशा अहवालासाठी बहुधा एकाच हंगामाची माहिती घेतात, आणि तो पावसाळा सोडून. समोर भेगाळलेली काळी जमीन, चार बाभळी. मी लिहिलं, ‘पडीक जमीन, उल्लेखनीय जलसाठा नाही.’ खाली सही केली.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या कामासाठी त्याच रस्त्याने गेले, तर तिथे गुडघाभर पाणी. पाणकणीस वर आलेलं, मुग्धबलाक गोगलगायी टिपत होते. म्हशी राखणारे एक आजोबा म्हणाले, ‘ताई, तुमी उन्हाळ्यात आल्ता. तवा इचारलं असतं तर सांगितलं असतं.’

त्या वेळी मी त्यांना विचारलं नव्हतं. गाडीतून उतरून जीपीएस पाहत होते.

ऑफिसात दुरुस्तीचं पत्र लिहून दिलं. ‘अहवाल केव्हाच गेला,’ असं उत्तर मिळालं. पत्र पुढे गेलं नाही. दोन वर्षांत तळ्याचा निम्मा भाग मुरुमाने भरला. मी ती नोकरी सोडली, पण सही माझीच होती, आजही आहे.

तेव्हापासून मी आधी गुराख्यांना भेटते, मग खड्डा खणते. पाणथळ जागेच्या राखाडी मातीत मुळांभोवती गंजासारख्या तांबूस रेघा दिसतात. आपल्या काळ्या मातीत मात्र हा रंग लपतो. पुस्तकातली खूण इथे दगा देते. म्हणून वाळलेले शंख-शिंपले शोधायचे, पाणकणसाची कंदमुळं उकरायची आणि पावसाळ्यात पुन्हा यायचं, प्रसंगी स्वतःच्या खर्चाने. यामुळे दोन-तीन कामं हातची गेली. घरी थोडी बोलणीही खाल्ली.

कायद्याचीही गंमत आहे. 2017च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. नाथसागराला आधार आहे तो 1986 साली झालेल्या पक्षी अभयारण्याचा. आणि याच गोदावरीवर वर नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्याला 2020मध्ये रामसरचा दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिला. माणसाने बांधलेलं की निसर्गाचं, ते पक्षी विचारत नाहीत, पण माझ्या अहवालात तो रकाना भरावाच लागतो.

आपल्या मुलांपैकी कुणाला हे काम करायचं असेल तर जरूर पाठवा. मात्र आधी सांगा, की बरेच दिवस खुर्चीत बसून तक्ते भरावे लागतात.

असो. उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकापाशी गाडी येईल. पैठण पन्नास किलोमीटर. बाई येणार म्हणाल्यात. चांगले बूट घालू नका.