कसोटी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या, तशीच स्फोटकेही होती. आग विझवण्यासाठी धावून गेलेले ६६ अग्निशामक जवान त्या स्फोटांत मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. स्मारकाला पुष्पचक्र वाहिले जाते, दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते, आणि समाज कृतज्ञतेच्या ऋणातून मोकळा होतो. मेलेल्या जवानाचा असा गौरव होतो. जवान होऊ पाहणाऱ्या माणसाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. तो कोणत्या दारातून आत आला, त्या दाराशी किती जण किती वर्षे तिष्ठत राहिले आणि कोण तिथूनच माघारी गेले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आजच्या विवेचनाचा विषय ते दार आहे.

अग्निशामक दलातील नोकरी श्रमिक कुटुंबांना मोठी मोलाची वाटते. जवान होण्यासाठी विद्यापीठाच्या उच्च पदवीची अट सहसा नसते. पगार नियमित असतो आणि वस्तीत मान असतो. जागा मात्र थोड्या आणि उमेदवार अगणित. जेथे वस्तू दुर्मिळ असते आणि तिचे वाटप किमतीने होत नाही, तेथे रांग लागते, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र आहे. रांगेतही किंमत मोजावी लागतेच. फक्त ती पैशात नव्हे, काळात मोजावी लागते. लेखी परीक्षा, मैदानी चाचणी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्याची चौकशी, गुणानुक्रमाची यादी आणि मग त्या यादीवरची प्रतीक्षा अशी ही रांग असते, आणि या साऱ्या काळात वयोमर्यादेचा काटा पुढे सरकतच असतो. उमेदवाराला सर्वांकडून एकच उपदेश मिळतो: चिकाटी धर. हा उपदेश खोटा नाही, पण अपुरा आहे. तो किती अपुरा आहे, हे न्यूयॉर्क शहराच्या अग्निशामक दलातील भरतीच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते. तेथील संघर्ष न्यायालयात लढला गेल्यामुळे त्याचा तपशील सर्वांसमोर आहे. म्हणून तो येथे काहीसा विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल.

न्यूयॉर्कचे पगारी अग्निशामक दल १८६५ सालचे. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे जवानाच्या भरतीत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. अमेरिकेत १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि नोकऱ्यांतील भेदभावाला त्याने बंदी घातली. १९७२ साली या तरतुदी राज्य आणि नगर शासनांनाही लागू झाल्या. त्यानंतर १९७७ साली न्यूयॉर्कने अग्निशामकाची परीक्षा स्त्रियांना खुली केली. शेकडो स्त्रियांनी अर्ज केले. त्यांत ब्रेंडा बर्कमन ही कायद्याची विद्यार्थिनी होती. ती लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारी होती, म्हणजे तिच्या दमसासाविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. लेखी परीक्षा पार पडली. १९७८ साली शारीरिक चाचणी झाली. त्या चाचणीला सुमारे ९० स्त्रिया उतरल्या, आणि त्यांपैकी एकही उत्तीर्ण झाली नाही.

या निकालाचे दोन अर्थ लावता येतात. पहिला असा की, स्त्रियांच्या अंगी या कामाचे बळच नाही. शहरातील बहुतेकांनी हाच अर्थ लावला, आणि नापास झालेल्यांपैकी अनेकींनीही तो मुकाट्याने स्वीकारला असेल. दुसरा अर्थ असा की, दोष कदाचित मोजपट्टीचा असेल. बर्कमनने दुसरा अर्थ घेतला. ही चाचणी त्या दलाने आजवर घेतलेल्या चाचण्यांत सर्वांत अवघड होती, असे पुढे सांगितले गेले. स्त्रियांना दार उघडले त्याच वेळी उंबरठा उंच झाला, हा योगायोग मानायचा की काय? शहराकडून दाद मिळेना, तेव्हा १९७९ साली तिने सर्व स्त्री-उमेदवारांच्या वतीने संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. विधि महाविद्यालयातील अध्यापक आणि विद्यार्थी तिच्या पाठीशी उभे राहिले.

न्यायालयापुढचा प्रश्न 'स्त्रिया पुरुषांइतक्या बलवान असतात काय' हा नव्हताच. तो या दाव्याचा गाभा नव्हे, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. १९७१ साली ड्यूक पॉवर या वीज कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व सांगितले होते. एखादी कसोटी वरकरणी सर्वांना सारखी असली, तरी तिच्यामुळे एखादा समाजगट बाहेर फेकला जात असेल, तर त्या कसोटीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध आहे हे मालकाने सिद्ध केले पाहिजे. सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे, उमेदवाराची नव्हे. न्यूयॉर्क शहराला ते सिद्ध करता आले नाही. मुठीची पकड किती घट्ट, जागच्या जागी लांब उडी किती, यांवरून जळत्या इमारतीत माणूस किती उपयोगी पडेल हे कसे ठरते? क्षणिक बळ आणि वेग यांना त्या चाचणीत भरपूर गुण होते. तासन्‌तास धुरात, जड साहित्य अंगावर घेऊन टिकून राहण्याची जी शक्ती लागते, तिला त्या मानाने स्थान नव्हते. मार्च १९८२ मध्ये न्यायाधीश चार्ल्स सिफ्टन यांनी ती चाचणी बेकायदा ठरवली. शहराला नवी चाचणी तयार करावी लागली. त्याच वर्षी सुमारे ४० स्त्रिया ती उत्तीर्ण होऊन दलात दाखल झाल्या. बर्कमन त्यांत होती. पहिल्या परीक्षेपासून दाखल होईपर्यंत पाच वर्षे लोटली होती.

येथे एका आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे, कारण तो केवळ प्रतिगाम्यांचा नाही. आग कोणाला सवलत देत नाही. चौथ्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला खाली आणणारा जवान स्त्री आहे की पुरुष, काळा आहे की गोरा, हे ज्वाळा विचारीत नाहीत. मग कसोटी सैल करून कोणाचे हित होणार? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. मागणी सोप्या कसोटीची नव्हती, खऱ्या कसोटीची होती. कठीण कसोटी आणि खरी कसोटी या दोन भिन्न गोष्टी आहेत. कठीण कसोटी माणसे गाळते. खरी कसोटी माणसे निवडते. जी कसोटी कामाशी संबंध नसलेल्या कारणासाठी कठीण असते, ती लायक माणसाला बाहेर ठेवते आणि कमी लायकाला आत घेते. त्याची किंमत अखेर चौथ्या मजल्यावरचा माणूसच मोजतो. खरी कसोटी कोणती हा वादही एका निकालाने मिटला नाही. १९८७ साली वरिष्ठ न्यायालयाने पुढच्या एका परीक्षेच्या संदर्भात शहराच्या बाजूने कौल दिला आणि आगीशी झुंजताना वेगाला महत्त्व आहे ही शहराची भूमिका मान्य केली. हे मान्य केले पाहिजे. पण 'कसोटीचा कामाशी संबंध काय' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यामुळे नाहीसा झाला नाही.

दार ओलांडले म्हणजे प्रवास संपला, असेही झाले नाही. अग्निशामक केंद्र हे एका अर्थी कुटुंबच असते. तेथे माणसे एकत्र राहतात, वर्गणी काढून एकत्र स्वयंपाक करतात, एका टेबलाभोवती जेवतात, आणि घंटा वाजली की एकमेकांच्या भरवशावर मृत्यूच्या तोंडात शिरतात. बंधुभावाचे याहून जिवंत उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पण अनेक केंद्रांत या नव्या स्त्रियांना त्या टेबलाशी बसू दिले गेले नाही. पंक्तिभेदाचा हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. तो न्यूयॉर्कच्या कामगारांतही आढळावा, याचे मात्र वाईट वाटते. आगीशी झुंजताना ज्या नळकांड्यातील हवेवर जीव अवलंबून असतो, त्यातील हवाच कोणीतरी काढून ठेवल्याचा अनुभव बर्कमनने पुढे सांगितला आहे. १९८३ साली परिवीक्षेचा काळ संपताना तिला आणि झैदा गोन्झालेझ या दुसऱ्या एका स्त्रीला नोकरीवरून काढून टाकण्यात आले. पुन्हा न्यायालय, पुन्हा साक्षी. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यायालयाच्या आदेशाने दोघी कामावर परतल्या.

या लढ्यात जवानांची कामगार संघटना कोठे होती? ती स्त्रियांच्या विरोधात उभी होती. कार्यकर्त्यांनी या कटू सत्याला बगल देऊ नये. ज्या संघटनेने आपल्या सभासदांसाठी पगार आणि सुरक्षितता झगडून मिळवली, तीच संघटना दाराला आतून कडी लावून बसू शकते. मिळवलेला हक्क हळूहळू वतन होतो. बापानंतर मुलगा, भावानंतर भाऊ. आतल्या कामगाराचे हित आणि बाहेरच्या कामगाराचे हित यांत विरोध आहे असे एकदा मानले की, कामगार चळवळ ही एका मोठ्या गिरणीची किंवा एका खात्याची भाऊबंदकी होऊन बसते.

वर्णाच्या बाबतीत हीच कथा अधिक जुनी आणि अधिक लांबलेली आहे. १९१९ साली वेस्ली विल्यम्स हा कृष्णवर्णीय तरुण मॅनहॅटनमधील एका केंद्रात रुजू झाला. तेव्हा तेथील जवानांनी सामुदायिक बदलीसाठी अर्ज केले. विल्यम्स टिकला, अधिकारीपदापर्यंत चढला. पण एकट्याच्या टिकण्याने दार उघडत नाही हे त्याने ओळखले, आणि १९४० साली सहकाऱ्यांसह व्हल्कन सोसायटी ही कृष्णवर्णीय जवानांची संघटना उभी केली. या संघटनेच्या दाव्यावर १९७३ साली न्यायालयाने तेव्हाची लेखी परीक्षा भेदभाव करणारी ठरवली. तरीही २००७ साली पुन्हा खटला उभा राहिला. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे पाव, आणि दलात मात्र शंभरात तीन-चार, अशी तेव्हाची स्थिती होती. २००९ साली न्यायाधीश निकोलस गॅरॉफिस यांनी १९९९ आणि २००२ सालच्या लेखी परीक्षांविरुद्ध निर्णय दिला. त्या परीक्षांतील गुणांवरून चांगला अग्निशामक ठरतो, हे शहर दाखवू शकले नव्हते. २०१४ साली शहराने सुमारे ९.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. १९९९ साली पंचविशीत परीक्षा दिलेला तरुण तोवर चाळिशीत पोचला होता. भरपाई पैशाची होते. वयाची होत नाही.

येथेच चिकाटीच्या उपदेशाचे अपुरेपण उघडे पडते. चिकाटी हा गुण आहे यात शंका नाही, परंतु ती धरण्याची ऐपत समाजात सारखी वाटलेली नाही. ज्याच्या घरी दोन वर्षांचे धान्य आहे तो दोन वर्षे थांबू शकतो. ज्याच्या घरी आठवड्याचे आहे त्याला आठवड्यानंतर मिळेल ते काम धरावे लागते, आणि मग त्याच्या अंगी चिकाटी नव्हती असा शेरा त्याच्या नावावर पडतो. बर्कमनला कायद्याचे शिक्षण होते आणि पाठीशी माणसे होती. याने तिचे श्रेय तसूभरही कमी होत नाही. पण त्या ९० जणींतील बाकीच्यांचे काय, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने विचारलाच पाहिजे.

महाराष्ट्रातही हा विषय परका नाही. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले. तेथे पहिली विद्यार्थिनी यायला २००२ साल उजाडले. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी तो अभ्यासक्रम पूर्ण केला आणि पुढे त्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळात अग्निशमन अधिकारी झाल्या. 'पहिली स्त्री' म्हणून त्यांचे सत्कार झाले, ते योग्यच झाले. पण तत्पूर्वीची ४६ वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची? मुंबई अग्निशमन दलाच्या भरतीच्या वेळी, २०२३च्या फेब्रुवारीत, दहिसरच्या मैदानावर स्त्री-उमेदवारांनी उंचीच्या मोजणीवरून तक्रारी केल्या, आंदोलन केले, आणि पोलिसांनी लाठी चालवल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. त्या तक्रारींचे खरेखोटे ठरवण्याचे हे स्थळ नव्हे. तथापि गावोगावाहून रात्रीचा प्रवास करून आलेल्या मुलींना आपली मोजणी बरोबर झाली की नाही हे जागच्या जागी पडताळून पाहता येऊ नये, ही गोष्ट कोणत्याही लोकशाही व्यवस्थेला भूषणावह नाही.

भरतीची जाहिरात निघते तेव्हा कार्यकर्ते वस्तीतील मुलांना अर्ज भरून देतात, धावण्याचा सराव घेतात. ते काम मोलाचे आहे. ते चालूच राहावे. त्याच्या जोडीला तीन प्रश्न सातत्याने विचारले गेले पाहिजेत. या कसोटीचा कामाशी संबंध काय, आणि तो कोणी तपासला? मोजमाप उमेदवाराच्या डोळ्यांदेखत होते काय, आणि दाद मागण्याची सोय कोठे आहे? जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंत किती काळ जाईल, आणि त्या विलंबाने वय उलटणाऱ्यांचे काय होईल? हे प्रश्न एकट्या उमेदवाराने विचारले तर तो तक्रारखोर ठरतो. संघटनेने विचारले तर ते धोरण ठरते.

बर्कमन कॅप्टनच्या पदापर्यंत पोचली. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले आणि ३४३ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्या दिवशी तिला सुटी होती, तरी ती घटनास्थळी धावून गेली. २००६ साली ती निवृत्त झाली. त्या सुमारासही दहा हजारांहून अधिक जवानांच्या त्या दलात स्त्रियांची संख्या काही डझनांपलीकडे गेली नव्हती. पुढे ती शंभरावर गेली. पाच वर्षे ज्या स्त्रीला 'तू या कामाची नाहीस' असे सांगितले गेले, ती वेळ आली तेव्हा न बोलावता हजर झाली. १९७८ साली नापास कोण झाले होते, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.