सेवा करणाऱ्याला साथ



आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवेची मोठी परंपरा आहे. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. लोक त्या रोग्यांना फार भीत. मनोहरजी भ्याले नाहीत. आणि विनोबांची त्यांना साथ होती.

अशी साथ द्यायला आम्ही एकदा चुकलो. अल्लीपुरात श्रमदानाने नाला साफ करत होतो. एका गड्याच्या पायाला कुदळ लागली. मृग लागला, तरी त्याचं वावर पेरायचं राहिलं. विचारायला कोणी गेलं नाही. आम्हीसुद्धा नाही! पुढल्या वर्षी श्रमदानाला चारच माणसं आली.

मग आम्ही त्याच्या घरी गेलो. माफी मागितली. सर्वांनी बसून ठरवलं: जखम झाली की लगेच दवाखान्यात न्यायचं, धनुर्वाताची सुई टोचून घ्यायची. गडी पडून राहिला, तर त्याचं वावर आपण पेरायचं. श्रमदानाच्या दिवशी भाकर गावानं द्यायची.

पुढं माणसं येऊ लागली. नाला मोकळा झाला. पावसाचं पाणी घरांत शिरायचं थांबलं. ज्यांचं बोलणं नव्हतं, ते एका घमेल्याला हात लावू लागले.

मंडळी, सेवा करा. आणि सेवा करणाऱ्याची विचारपूसही करा.