कोडशेजारी लिहिलेले कारण



संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्नातकाच्या हाती पहिल्याच नोकरीत कोरा प्रकल्प क्वचित येतो. बहुधा दुसऱ्या कोणी, बऱ्याच वर्षांपूर्वी, आज कोणाच्या स्मरणातही नसलेल्या परिस्थितीत लिहिलेला कोड त्याला वाचावा लागतो आणि तो न बिघडवता त्यात बदल करावा लागतो. कोड काय करतो हे कोडवरूनच कळते. परंतु तो तसाच का लिहिला, कोणते पर्याय विचारात घेऊन सोडून दिले आणि कोणत्या गृहीतकावर तो उभा आहे, हे त्यावरून कळत नाही. ही उणीव भरून काढते ती कमेंट, म्हणजे संगणकाने वगळायचा आणि माणसाने वाचायचा मजकूर. जावाच्या लायब्ररीत, म्हणजे या भाषेसोबत मिळणाऱ्या तयार घटकांच्या संग्रहात, कमेंटचा जो वापर झाला आहे, तो कोणत्याही विद्यापीठाने अभ्यासक्रमात नेमावा इतक्या मोलाचा आहे.

या लायब्ररीत कमेंटचे दोन वाचक मानलेले आहेत. जावाडॉक हा मजकूर घटक वापरणाऱ्यासाठी असतो आणि त्यात घटकाने दिलेली हमी नोंदलेली असते. आतील कमेंट मात्र तो घटक पुढे सांभाळणाऱ्यासाठी असते. रचनेच्या निर्णयांची खरी चर्चा या दुसऱ्या प्रकारात आढळते.

हॅशमॅपचे उदाहरण येथे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्या साठवणाऱ्या या रचनेत किल्लीपासून हॅश नावाचा पूर्णांक काढतात आणि त्यावरून जोडी कोणत्या कप्प्यात ठेवायची ते ठरवतात. एकाच कप्प्यात अनेक जोड्या आल्या की त्यांची साखळी होते, आणि साखळी लांबली की शोध मंदावतो. २०१४ साली आलेल्या जावा ८ मध्ये अशा लांब साखळीचे संतुलित वृक्षात रूपांतर करण्याची सोय झाली आणि त्यासाठी ८ हा उंबरठा ठरला. नुसता आकडा वाचणाऱ्याला तो मनाला येईल तसा घेतलेला वाटेल. परंतु फाइलच्या आरंभीच्या दीर्घ कमेंटमध्ये त्यामागचा हिशेब मांडलेला आहे. वृक्षाची गाठ साध्या गाठीच्या सुमारे दुप्पट जागा घेते, म्हणून ती गरज असेल तेव्हाच वापरायची. आणि हॅश चांगले विखुरलेले असतील तर कप्प्यातील जोड्यांची संख्या साधारणपणे पॉयसाँ वितरणाप्रमाणे, म्हणजे विरळ घटना किती वेळा घडण्याचा संभव आहे हे सांगणाऱ्या गणिती सूत्राप्रमाणे पडते. सरासरी ०.५ धरून त्या कमेंटमध्ये शून्यापासून आठपर्यंतच्या प्रत्येक संख्येची संभाव्यता दिली आहे: रिकाम्या कप्प्याची ०.६०६५३०६६, तर आठ जोड्यांची ०.००००००००६. प्रत्यक्षातील सरासरी बरीच खालीवर होते, हेही तेथेच नमूद केले आहे. उंबरठा बदलू पाहणाऱ्याला कोणता हिशेब पुन्हा करावा लागेल हे त्यामुळे आधीच कळते, आणि चालू प्रणालीत वृक्ष वारंवार तयार होऊ लागले तर त्याचे कारण योगायोगात न शोधता किल्लीच्या हॅशमध्ये शोधावे, हेही उमगते.

त्याच फाइलमध्ये हॅशचे वरचे १६ बिट खालच्या बिटांत मिसळणारी एक छोटी क्रिया आहे. कप्पा ठरवताना हॅशचे खालचे बिटच विचारात घेतले जातात, म्हणून फक्त वरच्या बिटांत भिन्न असलेल्या किल्ल्या एकाच कप्प्यात कोंडल्या जातात. लहान तक्त्यात लागोपाठच्या पूर्णांकी किमतीचे फ्लोट साठवल्यास असे घडते, हे उदाहरण कमेंटमध्ये दिलेले आहे. याहून चांगले मिश्रण शक्य असूनही सर्वांत स्वस्त क्रिया निवडली, कारण उरलेल्या टकरी, म्हणजे एकाच कप्प्यात येणाऱ्या किल्ल्या, वृक्ष सांभाळून घेतात. एका निर्णयाने दुसऱ्याला सैल होण्याची मुभा दिली, ही गोष्ट दोन्ही ठिकाणचा कोड कितीही बारकाईने वाचला तरी खात्रीने सांगता आली नसती.

कारण न लिहिल्याने काय होऊ शकते हे द्विभाजन शोधाच्या कोडवरून समजते. फार मोठ्या क्रमवार यादीचा मध्य काढताना दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होते, हा जावा लायब्ररीत वर्षानुवर्षे राहिलेला दोष जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली जाहीरपणे मांडला. दुरुस्ती छोटीशी होती: दोनने भागण्याऐवजी चिन्हाचा बिट न जपता बिट उजवीकडे सरकवणे. त्या ओळीशेजारी कारणाचा मात्र एक शब्दही नाही. सुबकतेच्या ओढीने कोणी तेथे पुन्हा साधा भागाकार लिहिला, तर त्याला अडवील असे त्या ओळीत काहीच नाही.

लिहिलेले कारण चुकीचेही असू शकते, आणि तरीही ते लिहिणेच श्रेयस्कर असते. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी रचलेली टिमसॉर्ट ही क्रम लावण्याची पद्धत २०११ साली जावा ७ मध्ये आली. यादीतील आधीच क्रमाने असलेले तुकडे हेरून त्यांच्या लांब्या ती एका स्टॅकवर, म्हणजे एकावर एक नोंदी ठेवण्याच्या जागेत, ठेवते आणि मग ते तुकडे जोडत जाते. प्रत्येक तुकडा त्याच्या नंतरच्या दोन तुकड्यांच्या बेरजेहून लांब असतो, हा नियम कमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेला होता. मूळ सी भाषेतील कोडमधला ८५ नोंदींचा स्टॅक मध्यम याद्यांसाठी महाग पडतो असे मोजून दिसल्याने जावात लहान, तरीही पुरेसा स्टॅक घेतला आहे, असेही तेथे म्हटले होते. नियम आणि त्यावर विसंबलेला निर्णय असे शब्दांत मांडलेले असल्यामुळे २०१५ मध्ये स्टाइन द खाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संगणकसाहाय्यित सिद्धतेने तो तपासता आला. जोडणीची पद्धत केवळ वरच्या काही नोंदी पडताळत असे, त्यामुळे खोलवर नियम मोडलेला राहू शकतो आणि काही कोटी घटकांच्या मुद्दाम रचलेल्या यादीवर स्टॅक अपुरा पडून प्रोग्रॅम कोसळतो, असे त्यांनी दाखवले. जावात त्या वेळी पडताळणी तशीच ठेवून स्टॅक तेवढा वाढवण्यात आला आणि कमेंटमध्ये त्या शोधनिबंधाचा निर्देश आला. परंतु २०१८ मध्ये निकोला ओजे आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ती वाढही पुरेशी नसल्याचे सिद्ध केले, तेव्हा पडताळणी एक पायरी खोल नेऊन मूळ नियमच खरा करण्यात आला.

आज जोडणीच्या त्या पद्धतीवरील कमेंटमध्ये या दोन्ही गटांतील नऊही संशोधकांची नावे असून दुरुस्ती कोणत्या विश्लेषणाला धरून केली तेही सांगितले आहे. त्यामुळे यापुढे ती फाइल उघडणाऱ्या स्नातकाला पडताळणीतील ती जादा अट अनावश्यक समजून काढावीशी वाटली, तर ती का घातली गेली हे त्याला त्याच पानावर वाचता येईल.