आधी विषय, मग ग्रंथालयशास्त्र





पुण्यात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत, परशुराम कृष्ण गोडे यांनी १९१९ पासून हस्तलिखितांचा संग्रह सांभाळला. पोथ्यांची देखभाल करता करता त्यांनी दारूकाम, तंबाखू, चष्मा यांचा भारतातला इतिहास लिहून काढला. अशा माणसाकडे अभ्यासक पोथी मागायला येई आणि विषयाची चर्चा करून जाई.

मद्रास विद्यापीठाने १९२४ साली ग्रंथपाल म्हणून निवडले ते गणित शिकवणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांना. ग्रंथालयाचे शिक्षण त्यांनी नेमणुकीनंतर लंडनला घेतले. सुरुवातीला त्यांचे मन या कामात रमेना. पण कोलन वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये छापून आली ती त्यांचीच.

जर्मनीत तर ही रीतच आहे. उमेदवाराने आधी विद्यापीठात आपला विषय पुरा करायचा, पुष्कळदा डॉक्टरेटही मिळवायची आणि मग साधारण दोन वर्षे ग्रंथालयात उमेदवारी करायची. अमेरिकेतही, शिकागो विद्यापीठात दक्षिण आशियाचा संग्रह उभारणाऱ्या मॉरीन पॅटरसन स्वतः महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासक होत्या.

आपल्याकडे काय चालते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी आणि सोबत नेट किंवा सेट लागते, पीएच.डी. असल्यास काहींना त्यातून सूट. मूळ पदवी कोणत्या विषयाची, याची अट नाही.

ग्रंथपालाला विषय येतो की नाही, हा फरक रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी लहान नाही. एकाच पदार्थाला अनेक नावे असतात; त्या पदार्थाला दिलेल्या सीएएस क्रमांकाने शोध घेतला की ती सगळी एका जागी सापडतात. हे सांगणारा माणूस काउंटरवर असेल, तर त्या मुलाची दुपार वाचते. मोडी कागद चाळणाऱ्याला आणि न्यायनिवाडे धुंडाळणाऱ्यालाही असाच जाणकार हवा असतो.

म्हणून स्वागत समिती ग्रंथपालांच्या या परिषदेपुढे दोन सूचना ठेवते. मोठ्या विद्यापीठांनी जाहिरातीत नियमातल्या पात्रतेबरोबर विषयातल्या एम.ए., एम.एससी.ला प्राधान्य द्यावे. आणि सध्याच्या ग्रंथपालांना आठवड्यातून एकदा पदव्युत्तर विभागाच्या वर्गात बसण्याची सवलत मिळावी; तेवढा वेळ त्यांच्या कामात धरावा.

दुपारच्या सत्रात दोन्ही सूचनांवर जोरदार चर्चा व्हावी, ही विनंती.