संगणक, चित्र आणि वीटभट्टी



पन्नाशी उलटल्यावर आम्ही संगणकावर चित्रे काढू लागलो, ते हौसेने नव्हे. शहापूर-मुरबाडकडचे कितीतरी कातकरी बांधव पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर राबून ती फेडतात. छापील पत्रक अनेकांना वाचता येत नाही. म्हणून हिशेब चित्रात मांडायचे ठरले.

'क्रिता' हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. माउसनेही काम भागते. नवशिक्याने प्रथम कागद ठरवावा. ए-४ आकाराच्या स्वच्छ छपाईला २४८० बाय ३५०८ ठिपके लागतात. लहान चित्र मागाहून ताणले की कडा दातेरी होतात. मग थर. खाली कच्चा आराखडा, त्यावर रंग, त्यावर रेघ. आणि दराचा आकडा निराळ्या थरावर. दर बदलला, तर तेवढाच थर बदलावा. विटा रचणाऱ्याला थर काय शिकवावेत!

आकृतीचे म्हणाल, तर डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. गोल, त्रिकोण आणि रेघ एवढ्यावर त्यांनी माणूस उभा केला. त्यांचे चित्र उचलू नये; काटकसर शिकावी.

पहिले चित्र आम्ही भट्टीवर दाखवले. उचल, आठवड्याची खर्ची, हजार विटा, सारे जमले होते. एक बाई म्हणाली, "विटा तर आम्ही दोघं पाडतो. मग मी कुठं हाय?"

आम्ही एकटा पुरुष काढला होता. हिशेबाच्या वहीतही पुष्कळदा त्याचेच नाव असते.

त्या रात्री आम्ही नवा थर उघडला आणि बाई काढली. वहीत तिचे नाव चढवणे, हे काम अजून उरले आहे.