आधी पैसे, मग भाजी

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटे दिली आहेत. सगळी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे वेळेचा आणि पैशाचा हिशेब चुकणार नाही एवढी खात्री देतो.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे नुसतं गवत होतं. आपण शेअरचे पैसे भरले, हप्ते भरले, तेव्हा एक भिंतसुद्धा उभी नव्हती. काम लांबलं, सिमेंट महागलं, तरी आपण थांबलो. सहकार म्हणतात तो हाच. वस्तू हाती येण्याआधी विश्वासाने पैसे द्यायचे आणि अडचण आली तर ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. आज मी भाजीबद्दल बोलणार आहे, पण मुद्दा हाच आहे.

नोकरीत काही वर्षं मी ग्रामीण शाखेत होतो. पीककर्जाचं काम माझ्याकडे होतं. एका वर्षी ऐन दिवाळीत कापून ठेवलेल्या भातावर पाऊस पडला. एक शेतकरी ओल्या लोंब्या घेऊन माझ्या टेबलाशी आला. दाण्यांना मोड आले होते. "साहेब, हे बघा," एवढंच म्हणाला. मी बघितलं, आणि मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे त्याला नोटीस पाठवली. खाली सही माझी होती. पाऊस कुणाच्याच हातात नसतो, पण कर्जाच्या खात्यात नुकसान एकट्या शेतकऱ्याच्या नावावर पडतं. पुढे २०१६ साली पंतप्रधान पीक विमा योजना आली. ती अधिसूचित पिकांना लागू असते. चार गुंठ्यांत माठ, मुळा, मेथी लावणारा तिच्या बाहेरच राहतो.

अशा शेतकऱ्यासाठी दुसरी एक रीत आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट नातं जोडलं. तिथे या पद्धतीला 'तेइकेई' म्हणतात. अमेरिकेत १९८६ साली अशी पहिली शेतं सुरू झाली. आपल्या मुंबईत २०१० च्या सुमारास 'हरी भरी टोकरी' हा उपक्रम याच धर्तीवर निघाला. रीत साधी आहे. कुटुंबांनी हंगामाचे पैसे आगाऊ भरायचे आणि शेतकऱ्याने दर आठवड्याला जे पिकेल ते वाटून द्यायचं. भरपूर पिकलं तर पिशवी जड, कीड पडली तर हलकी.

आता नैसर्गिक शेती. ती पाहायला आपल्याला लांब जायला नको. आपल्याच रेल्वे लाइनवर, उंबरगावजवळच्या देहरी गावात, भास्कर सावे यांची 'कल्पवृक्ष' वाडी आहे. साधारण चौदा एकरांची. सावेगुरुजी मूळचे शिक्षक. सुरुवातीला तेही रासायनिक खतं घालूनच शेती करत. पण खर्च चढत जातो आणि हाती उरत काही नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी वाट बदलली. पाचोळा जमिनीवरच ठेवायचा, मातीचं काम गांडुळांवर सोपवायचं. जपानचे मासानोबू फुकुओका यांनी ही वाडी पाहून तिची मनापासून वाखाणणी केली होती. २०१५ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी, गुरुजी गेले. मात्र नारळ-चिकूची झाडं एकदा लागली की वर्षानुवर्षं देतात. भाजीवाल्याला दर हंगामाला नव्याने रोख पैसा लागतो. तिथेच तो व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि भाजी त्याच्याच भावाने त्याला द्यावी लागते.

गेल्या हिवाळ्यात आपल्या सोसायटीतल्या अठरा कुटुंबांनी हा प्रयोग केला, हे आपल्याला ठाऊक आहे. वाणगावच्या पूर्वेला सव्वा एकर जमीन असलेलं एक जोडपं. डिसेंबर ते मार्च, सोळा आठवडे, कुटुंबामागे चार हजार रुपये. एकूण ७२,००० रुपये, त्यातले निम्मे आगाऊ. त्यातून बियाणं, ठिबकच्या नळ्या, जीवामृतासाठी गूळ-बेसन आणि मजुरी भागली. अट आपणच घातली होती, विषारी औषध मारायचं नाही.

जानेवारीत वालपापडीवर मावा पडला. तीन आठवडे पिशवीत मुळा आणि माठ, माठ आणि मुळा. आमच्या घरात विचारणा झाली, "अहो, या मुळ्याचं आता मी करू काय?" व्हॉट्सॲपवर तर काय काय आलं! दोन कुटुंबांनी पैसे परत मागितले. खरं सांगतो, मीही तक्रारीचा मेसेज लिहायला घेतला होता.

त्या रविवारी आम्ही चौघे शेतावर गेलो. त्या ताईंनी काळी पडलेली पापडी दाखवली. दशपर्णी अर्क फवारून झाला होता, निंबोळी अर्कही झाला होता. त्या म्हणाल्या, "काका, दुकानातलं औषध मारलं असतं तर पापडी वाचली असती. पण आपलं ठरलंय ना?" आम्ही गप्प. शब्द त्यांनी पाळला होता आणि नुकसान त्यांचंच झालं होतं. त्यात पैसे परत मागायचे, म्हणजे माझ्या सहीची दुसरी नोटीसच झाली असती. ज्या दोघांनी पैसे मागितले होते त्यांचे वाटे आम्ही बाकीच्यांनी वाटून घेतले.

फेब्रुवारीत टोमॅटो आणि वांगी इतकी आली की शेजारी वाटावी लागली. सोळा आठवडे मी घरी भाजी तोलून वहीत लिहिली. एका वाट्याला एकूण ५८ किलो. म्हणजे किलोला साधारण ६९ रुपये. बाजारापेक्षा महाग पडली, हे मी लपवत नाही. पण त्या घराने गेल्या हंगामात व्यापाऱ्याकडून उचल घेतली नाही. हीही नोंद माझ्या वहीत आहे.

यंदासाठी चार गोष्टी ठरवल्या आहेत. काय काय लावणार ते शेतकरी आधी लिहून देणार. पैसे वेगळ्या खात्यात, दोघांच्या सहीने. प्रत्येक कुटुंबाने हंगामात एक रविवार शेतावर जायचं, मुलांना घेऊन. आणि पिशवी हलकी आली म्हणून पैसे परत नाहीत. ही शेवटची अट ज्याला पटत नसेल त्याने नाव देऊ नये, आपली मैत्री तशीच राहील.

वही सेक्रेटरीसाहेबांच्या टेबलावर ठेवली आहे. पंचवीस नावं हवीत. रौप्यमहोत्सव आहे म्हणून हा आकडा धरलेला नाही, सव्वा एकराचा हंगाम तेवढ्यात निभावतो म्हणून धरला आहे. पहिलं नाव माझं आहे. मुळ्याचं काय करायचं, तेही आमच्या घरी आता जमलं आहे. त्याच्या पाल्याची भाजी चांगली होते.