रिकामी खुर्ची



शताब्दीच्या या मंगल प्रसंगी ग्रंथांऐवजी वाचनकक्षातील एका खुर्चीविषयी बोलण्याची अनुज्ञा मागतो.

पेडणे व डिचोली तालुक्यांतून पिढ्यान् पिढ्या माणसे पोटासाठी मुंबईला गेली. परक्या शहरात त्यांनी आपला गाव उभा केला. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांनी तेथे गावागणिक ‘कूड’ नावाची सामाईक वसतिस्थाने चालविली. १९१९ साली गोवा हिंदु असोसिएशन स्थापन झाली. नोकरीची खबर देणारा, आजारपणात उशाशी बसणारा माणूस अशाच गोतावळ्यात मिळत असे.

उतारवयात यांपैकी काहीजण परततात. घर असते, निवृत्तिवेतन असते. पण उंबरठ्याशी येऊन हाक मारणारे कोणी नसते. बालमित्र निवर्तलेले, मुले दूर. स्वतःच्याच गावात ते उपरे ठरतात. डिचोलीच्या खाणपट्ट्यात बाहेरून कामाला येऊन येथेच वृद्ध झालेल्यांचीही हीच व्यथा. २०१२ साली खाणकाम थांबले आणि अनेकांचे सोबती पांगले.

ही व्यथा केवळ मनाची नाही. १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. दृढ सामाजिक संबंध असलेल्यांची जगण्याची शक्यता त्यात सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

मुंबईहून परतलेले एक वृद्ध गृहस्थ रोज सकाळी येथे वृत्तपत्रे वाचावयास येत. एकदा सलग तीन दिवस त्यांची खुर्ची रिकामी राहिली. ग्रंथपालांनी शिपायाला घरी धाडले. गृहस्थ तापाने अंथरुणाला खिळले होते. घोटभर पाणी द्यावयासही घरात कोणी नव्हते. त्यांना डॉक्टरांकडे नेले आणि ते बरे झाले. खुर्ची रिकामी आहे, हे कोणाच्या तरी ध्यानी आले म्हणून हे घडले.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आठवड्यातून एक दिवस येथे ज्येष्ठांची बैठक भरावी. नव्याने आलेल्या वृद्धाला जुन्या सभासदाने सोबत आणावे. दोन दिवस न दिसलेल्याची चौकशी व्हावी. तरुण वाचकांनी त्यांना व्हॉट्सॲप शिकवावे, म्हणजे मुंबईतील जुने शेजारी दुरावणार नाहीत. मात्र तापात पाणी देणारा हात वाड्यावरचाच हवा.

शंभर वर्षे या संस्थेने ग्रंथांची निगा राखली. यापुढे वाचकांचीही राखावी, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.